जाड तार

गाण्याचं शेवटचं कडवं सुरू झालं आणि ब्रदर थॅडियसच्या हातातला घास हातातच राहिला. पलीकडच्या टेबलावरून लॅमॉन्टनं ते पाहिलं. त्यानंही हातातला कोंबडीचा तुकडा खाली ठेवला.

रविवारची प्रार्थना आटोपून अमेरिकेतल्या मेम्फिसच्या त्या छोट्या चर्चचं, एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणणारं सगळं गणगोत तळघरातल्या हॉलमध्ये जेवायला बसलं होतं. चर्चच्या नव्वदीनिमित्त क्वायरनं, म्हणजे चर्चच्या गायकवृंदानं, गाणी ध्वनिमुद्रित केली होती, ती आज पहिल्यांदा ऐकवली जात होती. क्वायर बसवणारा लॅमॉन्ट आणि खर्जाचे सूर देणाऱ्या बास गिटारवर, गेली एक्केचाळीस वर्षं, ब्रदर थॅडियस. निदान सीडीच्या पाकिटावर तसं छापलं होतं.

खरं काय ते एकट्या लॅमॉन्टला ठाऊक होतं. म्हाताऱ्याचे हात अलीकडे थरथरत. ध्वनिमुद्रणात सूर नको तिथं पडले होते. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून त्यानं गाण्यातून त्यांची बास गुपचूप पुसली आणि तिथं फोनच्या ॲपवर वाजवलेली भरली. तीही काही सहजासहजी मिळाली नव्हती. पहिल्या ॲपमधली बास प्लास्टिकच्या बादलीवर थापट्या मारल्यासारखी वाजे, दुसऱ्यातली नुसती रबरी. तिसऱ्यात मात्र तारेवरून बोट घासत गेल्याची बारीक खरखरसुद्धा होती. त्यावर लॅमॉन्टनं थॅडियसची चाल बसवली, ठेक्याच्या किंचित मागं रेंगाळणारी. खोटं काम माणूस किती मन लावून करतो!

आणि इतकं करून शेवटच्या कडव्यात तो फसला. थॅडियसच्या बासला तारा चार. त्यातली सर्वांत जाड तार मोकळी, बोटानं न दाबता, छेडली की संपलं, त्याच्याखाली त्या वाद्यात सूरच नाही. फोनच्या पडद्याला तार कुठं संपते हे काय ठाऊक? लॅमॉन्टचं बोट त्याच्याही खाली घसरलं, भिंती हादरतील असा सूर निघाला, आणि हा पठ्ठ्या खूश होऊन पुढं गेला. ही चूक त्याला कळली ती आत्ता, पुढ्यात ताट असताना.

सूर हॉलभर घुमला. थॅडियसनी मान वळवून लॅमॉन्टकडे पाहिलं. आपल्याच घरात भलताच माणूस बसलेला दिसावा, तसं पाहिलं. लॅमॉन्टनं मान ताटात घातली.

"अगं बाई, ब्रदर!" सिस्टर अर्नेस्टीन खुर्चीतून उठल्याच. "काय तो खालचा सूर! माझी खुर्ची हलली हो! इतकी वर्षं कुठं लपवून ठेवला होतात?"

थॅडियसनी ताट बाजूला सारलं.

"ते काही नाही. आत्ताच्या आत्ता वाजवून दाखवायचा!" टाळ्या सुरू झाल्या.

"जेवू द्या की त्यांना," लॅमॉन्ट कसाबसा म्हणाला.

"तू गप रे! सगळं कौतुक तुलाच पाहिजे होय?" सिस्टर म्हणाल्या आणि हॉल खदखदून हसला. लॅमॉन्टच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. आता उठून सगळं कबूल करावं असं त्याला वाटलं. पण कबूल करायचं ते नेमकं म्हाताऱ्याच्या थरथरत्या हातांबद्दल, आणि तेही या सगळ्यांसमोर. तो बसूनच राहिला.

थॅडियसनी कागदी रुमालाला बोटं पुसली, सावकाश चालत कोपऱ्यातल्या पियानोजवळ गेले आणि तिथं टेकवलेली बास मांडीवर घेतली. वाजवू लागले. बोटं अडखळत होती. तरी बायका ठेका धरून गाऊ लागल्या. शेवटचं कडवं आलं. थॅडियसनी जाड तार मोकळी छेडली, आणि ती वाजत असतानाच डावा हात वर नेऊन तिची खुंटी उलटी पिळली. सूर कण्हत कण्हत खाली घसरला आणि बरोब्बर सीडीतल्या त्या सुरावर जाऊन टेकला. अख्खा हॉल ओरडत उभा राहिला.

मग गोड म्हणून भाजलेल्या पीच फळांचा कॉबलर आला आणि मंडळी तिकडं वळली. लॅमॉन्ट बासची वायर गुंडाळण्याच्या निमित्तानं म्हाताऱ्याच्या पायांशी जाऊन बसला.

"ब्रदर, मी..."

"किती दिवस लागले रे?"

"कशाला?"

"माझ्यासारखी बास शोधायला."

"तीन आठवडे." लाजेनं त्याची मान वर होईना.

"हं. बोटाची खरखरसुद्धा सापडली तुला." थॅडियसनी जाड तारेवरून अंगठा फिरवला. "चांगली शोधलीस. माझ्या घरी यायला वीस मिनिटं लागली असती."

लॅमॉन्टनं गुंडाळलेली वायर खाली ठेवली.

थॅडियसनी बास त्याच्यापुढं केली. "तार उतरवायला मला जमलं. चढवायला बोटांत जोर नाही राहिला. घे, आण जागेवर."

सवयीनं लॅमॉन्टचा हात खिशाकडं गेला. तार सुरात लावायचं ॲपही त्याच फोनमध्ये होतं.

"तो राहू दे तिथंच," थॅडियस म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. "मी थांब म्हणेन तिथं थांबायचं."

लॅमॉन्टनं तार छेडली आणि खुंटी हळूच फिरवली.

"अजून," म्हातारा म्हणाला.

त्यानं पुन्हा फिरवली.

"अजून जरा, पोरा."