ड्रॅगनचा शेवट

एडिथबाईंनी सतराव्या भागाच्या शेवटच्या पानावर ड्रॅगनला ठार मारलं आणि चाळीस वर्षांचं जोखड मानेवरून उतरलं. इंग्लंडभरची पोरंसोरं त्या ड्रॅगनवर जीव टाकत, पण बाईंना तो मेला डोळ्यांसमोर नको झाला होता. वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षं उलटली होती. आता एकच पुस्तक लिहायचं होतं, सूतगिरणीत दोन बोटं गमावलेल्या आपल्या आईचं.

प्रकाशकाकडची फिलिपा हस्तलिखित वाचून हसत हसत घरी आली. "बाई, कमाल केलीत! आता आणखी दोन भाग हवेत."

"अगं, मारला ना त्याला! आता काय मढं नाचवू?"

फिलिपानं तिसरा भाग उघडून पुढ्यात धरला. 'हा ड्रॅगन मेला, तर त्याच्या रक्तातून दोन उठतील.' ऐन चाळिशीत, नुसत्या तोऱ्यात लिहिलेलं हे वाक्य बाई साफ विसरल्या होत्या. वाचक विसरले नव्हते.

बाईंनी पुस्तक मिटलं. "अन् मीच मेले तर?"

"काहीतरीच काय बोलता! पण करारात तीही सोय आहे," फिलिपा मायेनं म्हणाली. "दुसरं कुणीतरी लिहील. नाव तुमचंच राहील."