निनावी अक्षर

रोहण्याच्या सरकी काढायच्या जिनिंगमधून प्रेमदास कारकुनाला सत्तावन्न साली काढलं, पण तूर्त तसं काही घडलंच नाही असं धरून चालू. मॅनेजरनं तक्रारपेटी टांगली. महिन्याभरात नऊ निनावी चिठ्ठ्या पडल्या, नऊही प्रेमदासच्या अक्षरात, कारण कामगारांत लिहिता येणारा तो एकटाच. एकीत होतं: ‘रुई चोरली का म्हणून आमच्या शिदोऱ्या सोडून पाहू नका.’ मॅनेजरनं त्याला बोलावलं. “सगळ्या तूनंच लिवल्या?” “अक्षर माह्यं हाय, तक्रार माही नाई.” “मंग कोनाची?” “‘नाव नको’ असं पेटीवर तुमीच मले लिवाले सांगतलं, साहेब.” दाराआड मजूर तानाबाईनं शिदोरी पोटाशी धरली. मॅनेजरनं प्रेमदासच्या बडतर्फीचा हुकूम तोंडी सांगितला. मॅनेजर स्वतः फक्त सही करी, म्हणून लिहायला प्रेमदासच बसला. शेवटी त्यानं पदरची ओळ जोडली: ‘सदर हुकूम लिहिणाऱ्याचे नाव गुप्त ठेवावे, ही नम्र विनंती.’