बुधवारचा प्रश्न

बुधवार होता, तरी नत्थू शिपाई आज झडतीसाठी खाटेखाली वाकला नाही. त्याने बूट दाराबाहेर काढले आणि आत आला. अंजनाबाईंना नवल वाटलं. दोन वर्षांत ते बूट कधी उंबरठ्याबाहेर थांबले नव्हते.

नत्थू साध्या वेशातला पोलीस. शर्ट स्वतःचा, बूट सरकारी. त्यामुळे सगळी नंदनवन वस्ती त्याला ओळखत होती. ब्याऐंशी साली अंजनाबाईंचा मुलगा मधुसूदन इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष सोडून गडचिरोलीच्या जंगलात गेला, बंदूकवाल्यांच्या दलममध्ये. तेव्हापासून त्याच्या आईच्या घरावर नजर होती. शेजारच्या शोभाताईंनी विरजण मागणं बंद केलं. अंजनाबाईंच्या उमरेडच्या भावाने पत्र लिहिणं बंद केलं. मधुसूदनचं नाव गल्लीत कोणी घेत नसे. घेत असे ते फक्त सरकार. आठवड्यातून एकदा, अगदी वेळेवर.

"मधुसूदन आला होता का वं, माय?"

"नाई आला."

नत्थू वहीत 'नाही' लिही. मग चहा होई. पहिल्या वर्षी अंजनाबाईंनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. हल्ली त्या मंगळवारीच आलं आणून ठेवत.

आज नत्थूने वही काढली नाही.

"च्या नको, माय. साहेबानं तुमच्या घरावरची नजर उठवली. आता माहं येनं नाई होनार."

"काहून गा? सरकारचा विश्वास बसला का आमच्यावर?"

नत्थू आपल्या अनवाणी पायांकडे पाहत राहिला.

"साहेब गाडी घेऊन येऊन राहिले. मोठ्या दवाखान्यात नेतीन तुमाले. जंगलातून आनलेल्या पोराची ओळख पटवून सही पाहिजे म्हनते. मी म्हटलं, साहेबाच्या आधी आपन मायपाशी जाऊन बसतो."

आधण उकळत होतं. अंजनाबाईंनी स्टोव्हची हवा सोडली. घर एकदम गप्प झालं. त्यांनी कुटलेलं आलं कागदात बांधलं, फळीवर ठेवलं आणि नत्थूसमोर येऊन बसल्या.

"तुमी विचारलं नाई," त्या म्हणाल्या.

"माय..."

"आज बुधवार हाय नं? विचारा."

नत्थूने खिशातून वही काढली. पेन्सिल सापडायला जरा वेळ लागला.

"मधुसूदन... आला होता का वं, माय?"

"नाई आला," अंजनाबाई म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी पाहून जा."