घरातली बाटली नको

आज पडवीचं कुलूप उघडं दिसलं. मंदाकिनीने आतल्या पांढऱ्या कॅनचं झाकण फिरवलं. स्पिरिटचा वास! फर्निचरला पॉलिश करणारा तिचा भाऊ गेला, तेव्हा त्याच्या अंगालाही असाच वास येत होता.

म्हणजे संशय खरा होता तर. महिनाभर नवरा भंगारवाल्याकडचे कॅन उलटे करकरून बघत होता, पडवीत तासन् तास बसत होता, विचारलं की विषय बदलत होता.

तेवढ्यात तोच दारात आला.

"आधी हाऽ करा!" ती कडाडली.

त्याने मुकाट्याने तोंड उघडलं. नुसता बडीशेपेचा वास.

"अगं, तुझ्या भज्यांच्या उरलेल्या तेलाचं डिझेल जमतंय का बघतोय. त्यात हे विषारी स्पिरिट लागतं. स्पिरिट म्हटलं की तुला काय आठवतं, ते ठाऊक आहे मला. म्हणून बोललो नाही."

"आणि घरात पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग असताना कॅन विकत आणलात?"

"त्या पातळ बाटल्यांचा भरवसा नाही. कॅनच्या बुडाला प्लास्टिकचा प्रकार छापलेला असतो, तो बघून घेतला. शिवाय..." तो अडखळला. "पाण्याची बाटली दिसली की माणूस तोंडाला लावतो. तुझ्या भावाने लावली तशी."

मंदाकिनीने कॅनचं झाकण घट्ट लावलं. भाऊ नशेसाठी पॉलिशचं स्पिरिट प्यायला, असं सगळं गाव म्हणायचं. तो पाणी समजून प्यायला, हे ती एकटीच सांगत राहिली होती. नवरा ते ऐकून नेहमी गप्प बसायचा. त्यालाही पटत नाही, असंच ती इतकी वर्षं समजत होती.