पेनल्टीची पंगत

"दोबारा!" पंचांनी शिट्टी फुंकली आणि मृण्मयीची आनंदाची उडी हवेतच अडकली. मैदानाशेजारच्या नानाखेड्याकडची माणसं अजून शपथेवर सांगतात, पोरगी चांगली दोन मिनिटं खाली आलीच नाही.

गोल झाला होता हो! चक्क जाळीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. या मोसमात कॉलेजच्या मुली आठ सामने हरल्या होत्या, एकावन्न गोल खाऊन बसल्या होत्या आणि केला एकही नव्हता. आजचा नववा, शेवटचा. इंदूरवाल्या सहा गोलांनी पुढे. वेळही संपली होती. उरली होती फक्त ही एक पेनल्टी.

"पण सर, गोल तो हुआ ना!"

"किक से पहले तुम्हारी पूरी टीम बॉक्स में घुस आई, बेटा. गोलकीपर भी!"

मृण्मयीनं वळून पाहिलं. दहाच्या दहाजणी तिच्या पाठीशी उभ्या. ऋता तर थेट पलीकडच्या गोलातून धावत आलेली, धापा टाकत होती.

"मला वाटलं, मदत लागेल," ऋता म्हणाली.

बाकावर प्राचार्य श्रीकांत सर मांडीवर छत्री ठेवून, हाताची घडी घालून बसले होते. त्यांनी सकाळीच बजावलं होतं: आजही गोल नाही, तर पुढच्या वर्षी फुटबॉल बंद. त्या तासाला रांगोळी.

"आता रेषेच्या आत कुणी यायचं नाही. समझी?" मृण्मयी ओरडली.

"राहवणार नाही गं," भार्गवीनं खरं ते सांगून टाकलं. "पाय ऐकतच नाहीत."

"मग बसा! सगळ्या खाली बसा. मांडी घालून!"

बसल्या. बॉक्सच्या बाहेर, एका ओळीत, मांडीला मांडी लावून. फक्त पत्रावळी मांडायच्या राहिल्या होत्या. इंदूरच्या कीपरनं आजवर पुष्कळ पेनल्टी पाहिल्या असतील, पण समोर पंगत बसलेली पहिल्यांदाच पाहत होती.

"ये क्या कर रही हैं?"

"भोजन की राह देख रहे हैं," भार्गवी म्हणाली. "तू उधर देख."

मृण्मयीनं डोळे मिटले आणि अशी लाथ हाणली, की पार तिकडे माधव नगरात ओट्यांवर टांगलेले पोपटांचे पिंजरे हलले म्हणतात. चेंडू दांडीवर आदळला, उलटा येऊन कीपरच्या पाठीवर आपटला आणि घरच्या माणसासारखा सावकाश आत शिरला.

शिट्टी! गोल! मैदान पेटलं. श्रीकांत सर चपलांसकट बाकावर चढले आणि छत्री गरागरा फिरवू लागले. इंदूरच्या पोरीसुद्धा टाळ्या पिटायला लागल्या.

उठली नाही ती फक्त पंगत.

"अरे बेटा, हो गया! मॅच ख़त्म! उठो अब!"

एकही हलेना. ऋतानं तर स्वतःचे दोन्ही गुडघे हातांनी घट्ट दाबून धरले होते.

"पहले गोल काग़ज़ पे लिखो, सर," ती पंचांना म्हणाली. "फिर उठेंगे."

मृण्मयीनं पुन्हा उडी घेतलीच होती. ऋताचं बोलणं कानावर पडलं, तशी ती मुकाट्यानं खाली उतरली आणि पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसली.