पेट्रोलच्या दाराचं बटण

काउंटरवर पेट्रोलच्या टाकीच्या दाराची, बटणानं उघडणारी तीन लॅच मांडून दुकानदार म्हणाला, "दाबून बघा, काका. किल्लीची कटकटच संपली."

काकांनी पहिल्या बटणावर अंगठा टेकवला. बटण हललंच नाही. दुसरं हललं, पण अर्ध्यात अडलं. काकांचा स्वभाव पहिल्यापासून मोडेन पण वाकणार नाही असा; संधिवात झाल्यापासून दोन्ही हातांच्या बोटांनीही तोच उचलला होता. टाकीवरच्या दाराची एवढीशी किल्ली त्यांच्या बोटांत ठरत नसे. तेवढ्यासाठीच मोटारसायकल अडून बसली आहे, असं ते वर्षभर भेटेल त्याला सांगत होते. बटण बसलं की रविवारी निघायचं. डोंगर उतरून थेट समुद्रापर्यंत, आणि एकट्यानं.

"हे तिसरं बघा. फुंकर मारली तरी उघडेल."

तिसरं खरंच हलकं होतं. टक. काकांचा चेहरा असा खुलला की दुकानदारालाही पुण्य पदरात पडल्यासारखं वाटलं.

"हेच! हेच बसवा."

मागे स्टुलावर मांडीवर पिशवी घेऊन काकू बसल्या होत्या. काकांच्या उत्साहापुढे बोलून उपयोग नसतो, हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

गाडी दुकानातच उभी होती. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, पुढे उंच काच, लांबच्या प्रवासाला जायचं म्हणून घेतलेली. दुकानातल्या मेकॅनिकनं ती कालच काकांच्या घरून आणून धुऊनपुसून ठेवली होती. त्यानं लॅच बसवलं आणि तो बाजूला झाला.

"करा उद्घाटन, काका."

काकांनी बटण दाबलं. टाकीवरचं चकचकीत दार वर आलं. त्याखाली काळं झाकण होतं, पिळून उघडायचं. इतकी वर्षं ते त्यांनीच पिळलं होतं आणि आता सोयीस्कर विसरले होते. त्यांनी झाकण धरलं. तळवा घसरला. दुसरा हात लावून पाहिला, मग दोन्ही. कपाळावर घाम आला. झाकण जागचं हललं नाही.

"अहो, ते पंपावरचा माणूस उघडेल की," मेकॅनिक घाईनं म्हणाला. "त्याचं कामच आहे ते."

काकांनी डावा हात हँडलवर ठेवला. क्लचभोवती बोटं वळवायला गेले. बोटं वळली नाहीत, नुसती त्यावर पडून राहिली.

"आणि क्लच?" त्यांनी विचारलं. "तोही पंपावरचाच दाबणार?"

काकांना रडू येत होतं, आणि चारचौघांत रडायची सोय नव्हती. त्यांनी कोपरानं दार खाली लोटलं आणि पुन्हा बटण दाबलं. टक. पुन्हा लोटलं, पुन्हा दाबलं.

दुकानदार काकूंजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, मी परत घेतो ते. काढायला सांगू का?"

"नको, राहू द्या," काकू म्हणाल्या. "घरातला नळ, औषधाची बाटली, दाराची कडी, सगळं मीच उघडते. निदान एवढं तरी त्यांच्या हातानं उघडतंय."