खुर्चीवरचं कार्ड

लोकांच्या जुन्या वस्तू ठेवून घ्यायच्या, खपल्या तर निम्मे पैसे आपले, असं दुकान तिने थाटलं आणि दोन महिने माश्या मारत बसली. मग तिने मार्केटिंगचा कोर्स केला. तिथे कळलं की वस्तू विकायचीच नसते, तिची आठवण विकायची असते. परत आल्या आल्या तिने एका पक्क्या ब्रह्मचाऱ्याच्या पोचे पडलेल्या किटलीवर कार्ड लावलं, ‘सासूबाईंनी नव्या सुनेला पहिला चहा यातूनच दिला.’ किटली दुपारच्या आत गेली. मग काय, लेखणी सुटलीच.

मागच्या गल्लीतल्या काकूंनी नवरा गेल्यावर त्यांची आरामखुर्ची विकायला ठेवली होती. तिच्यावर कार्ड लागलं, ‘या खुर्चीत बसून आजोबा रोज संध्याकाळी आजींचे पाय चेपून द्यायचे.’ एका बाईने ते दोनदा वाचलं, शेजारी उभ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याने मुकाट्याने पाकीट काढलं.

दुसऱ्या दिवशी काकू चौकशीला आल्या. तिने मोठ्या कौतुकाने ते कार्ड त्यांच्या हातात दिलं. काकूंनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

“थोडं मनाचं लिहिलंय हं काकू. चुकलं का काही?”

“छे गं, बरंचसं जुळलंय. खुर्ची तीच, वेळ संध्याकाळचीच, आणि चेपणं तर चाळीस वर्षांत एक दिवस चुकलं नाही. फक्त पाय त्यांचे असायचे.”